कॅप्टन टिल्टनच्या शिळेवरची ओळ

पोर्ट्समथ, न्यू हॅम्पशर
१२ एप्रिल १८७४

प्रिय सेथ,

पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी लोखंडी चुलीला काळं पॉलिश लावत होते. शनिवार होता, म्हणून घेवडा भिजवलेला होता. तो काकवी आणि खारवलेलं मांस घालून मडक्यात भरायचा आणि चुलीच्या पोटात सरकवायचा, एवढं झालं की मी मोकळी. कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले होते, त्या दाराशी येऊन आपापसात भांडत होत्या. तुमचं जहाज 'हॅव्हरिल' बोस्टनला लागल्याचं आदल्या दिवशी कळलं होतं, म्हणून टेबलावर दोन ताटल्या जास्त काढल्या होत्या. तुझी ती निळ्या काठाची, टवका गेलेली. दुसरी कोणतीही दिली की तू तोंड वाकडं करायचास.

फाटक वाजलं. मी कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन दारात गेले. कॅप्टन टोपी काढून उभे होते. एकटेच. मी त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

"सेथ कुठाय?"

"बोस्टनलाच उतरला."

मग माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, "हिटी, आधी हात धू."

तीन वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्याचं हे पहिलं बोलणं. मी हात धुतले.

पुढच्या आठवड्यात मासळीबाजारात एका खलाशाच्या बायकोने मला विचारलं, "तुमच्या भावाची पाठ काय म्हणते?" मी म्हटलं, "बरी आहे." कसली पाठ, कसलं बरं, मला काही ठाऊक नव्हतं. घरी येऊन कॅप्टनना विचारलं. ते सूप पीत होते. म्हणाले, "पहाऱ्यावर दारू प्यायला होता. नियम होता." आणि सूप संपवलं. त्यानंतर मी आणखी दोन वेळा विचारलं, वेगवेगळ्या वर्षी. तेच उत्तर, तेच शब्द. जणू एकदा कुठेतरी लिहून ठेवलं होतं आणि त्यावरूनच वाचायचं होतं.

कॅप्टन गेल्या नोव्हेंबरात वारले. वर्तमानपत्रात आलं होतं, तुमच्या डोंगरात पोचलं असेल. छातीत पाणी झालं होतं. शेवटपर्यंत जहाजावरच्यासारखे चार-चार तास झोपायचे आणि मधे उठून आभाळ बघायचे. जेवताना बोलायचे नाहीत. कॅप्टनने एकट्याने जेवायचं असतं, ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की पेन्शनीत निघाल्यावरही माझ्यासमोर बसून ते एकटेच जेवायचे. घरातही मी त्यांना कॅप्टनच म्हणायचे, तुला आठवत असेल. तू त्यावरून माझी नक्कल करायचास.

आता कामाचं सांगते. त्यांच्याबरोबरच्या जुन्या अधिकाऱ्यांनी मंडळ केलं आहे. आमच्या चर्चच्या भिंतीत संगमरवरी शिळा बसवणार आहेत. नाव, जन्म, मृत्यू, जहाजांची नावं आणि खाली एक ओळ. ती अशी: "यांच्या हुकमतीखाली कोणत्याही माणसाच्या पाठीवर कधी आसूड उठला नाही." मजकूर मला दाखवायला आणला. सगळ्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

सेथ, पंचवीस वर्षं दर नाताळला मी तुला लिहिते आणि तू उत्तर देत नाहीस. तुझी बायको लोइस एकदा दोन ओळी लिहिते, मेंढ्या ठीक आहेत, बर्फ फार पडला. मी तक्रार करत नाही. पण या वेळी उत्तर हवं आहे. ती ओळ राहावी की काढावी, ते तू सांग. पाठ तुझी आहे.

तुझी बहीण,
मेहिटेबल

पोर्ट्समथ
३१ मे १८७४

प्रिय सेथ,

उत्तर नाही. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस असतील, असं स्वतःला सांगते.

कमोडोर लॅथ्रॉप येऊन गेले. मंडळाचे प्रमुख तेच. तोफांनी त्यांचे कान गेले आहेत, म्हणून ते दिवाणखान्यातही वादळात हुकूम दिल्यासारखे बोलतात. मी आलं घातलेला केक केला होता.

"टिल्टनबाई, पाथरवट थांबलाय!"

"मी माझ्या भावाच्या उत्तराची वाट बघतेय."

"कोणाच्या?"

"भावाच्या! ती ओळ खरी नाही, कमोडोर. एकाला मारलं होतं."

"काय म्हणालात?"

"एकाला!" मी ओरडले. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"एक म्हणजे काहीच नाही!" ते म्हणाले. "अहो, त्या काळी प्रत्येक जहाजावर रोज आसूड चालायचा. टिल्टनने पहिल्याच जहाजावर तो कपाटात ठेवला. सरकारने कायदा करायच्या आधी! आम्ही तरण्या अधिकाऱ्यांना त्याचं उदाहरण देतो. माणूस न फोडता जहाज चालतं, हे त्याने दाखवलं."

"तो एक म्हणजे माझा भाऊ आहे."

या वेळी मी न ओरडताही त्यांना ऐकू आलं. केकचा आणखी एक तुकडा उचलला. मग म्हणाले, "केक चांगला झालाय."

पण माणूस खोटा नाही. जाताना दाराशी उभं राहून, त्यांच्या मानाने हळू आवाजात, जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. तुझ्यापासून लपवणं बरोबर नाही. त्यांचं जहाज आणि 'हॅव्हरिल' पेरूच्या किनाऱ्यावर शेजारी नांगरून होती. तू पहाऱ्यावर प्यालास त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅप्टन होडीतून त्यांच्याकडे गेले होते. म्हणाले, "सगळं जहाज बघतंय, मी बायकोच्या भावाचं काय करतो. सोडला, तर पुढच्या महिन्यात दहा जणांना मारावं लागेल. मारला, तर कदाचित पुन्हा कोणालाच नाही."

"आणि तसंच झालं," कमोडोर म्हणाले. "पुढे कोणालाच मारलं नाही. हिशेब बरोबर ठरला."

मी म्हटलं, "हिशेबात माणूस माझा होता."

ते टोपी घालून निघून गेले.

पुढच्या गोष्टी तू पाहिल्या नाहीस, म्हणून सांगते. यादवी युद्धात त्यांचं जहाज दक्षिणेच्या किनाऱ्यावर नाकेबंदीला होतं. पिवळा ताप आला. इतर जहाजांचे कप्तान मागच्या खोलीतून बाहेर येत नव्हते. हे रोज खाली उतरायचे आणि आजाऱ्यांच्या टांगलेल्या झोळ्यांमधून चालत एकेकाला नावाने हाक मारायचे. डॉक्टरने सांगितलं, तुम्हाला लागण होईल. तर म्हणाले, "मग तूही माझं नाव लक्षात ठेव." त्या जहाजावरून बरा होऊन आलेला एक आयरिश खलाशी कॅप्टनच्या अंत्यविधीला बोस्टनहून आला होता. मला म्हणाला, "बाई, माझ्या आईनंतर माझं नाव इतकं नीट घेणारा दुसरा माणूस मला भेटला नाही."

मी त्याला जेवायला घातलं. पण मी थकले आहे, सेथ. लोक येतात, त्यांच्याबद्दल चांगलं सांगतात, मी हो म्हणते, आणि ते सगळं खरं असतं.

मी आता त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचते. खालच्या फळीपासून सुरू केलं आहे. अक्षरं मी पंचांगावरून शिकले, ते तुला ठाऊक आहे. अजून मोठा शब्द आला की ओठ हलतात. वाऱ्यांबद्दलचं एक जाड पुस्तक संपवलं. त्यात माणसं नाहीत, ते बरं वाटलं.

लिही. एक ओळ लिही.

मेहिटेबल

पोर्ट्समथ
१९ जुलै १८७४

प्रिय सेथ,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर बदललेलं नाही, अजूनही चढावर चालल्यासारखं उजवीकडे वर जातं. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. तू लिहिलंस:

"हिटी, ओळ राहू दे. माझ्यानंतर कोणाला मारलं नसेल तर त्या माणसांपुरती ती खरी आहे. पाठ केव्हाच भरली, लोइस म्हणते आता नीट दिसतही नाही. मी प्यालो होतो. दुसऱ्या कोणी मारलं असतं तर विसरलो असतो. पण घरी येईपर्यंत जवळजवळ वर्षभर तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. डेकवर माझ्या अंगावरून जायचा. बाकीच्यांना हाक मारायचा, मला नाही. मी लहान असताना आपल्या पायरीवर बसून दोरीच्या गाठी त्यानेच मला शिकवल्या होत्या. हे दगडावर कोरता येत नाही, तेव्हा त्यांना हवं ते कोरू दे. याबद्दल आता लिहू नकोस."

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. तू रागावशील, पण कळल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

ओबेड क्रॉकर तुला आठवतो. तेव्हा तो 'हॅव्हरिल'वर खलाशांवरचा तांडेल होता आणि आसूड चालवायचं काम त्याचं होतं. आता म्हातारा झाला आहे, बायको गेली. गुरुवारी माझी लाकडं फोडायला येतो आणि स्वयंपाकघरात जेवतो. एकदा मला म्हणाला होता, "फटके मीच मारले, बाई. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तरी जेवायला घालता?"

"लाकडं फोडतोस म्हणून घालते. ती नीट फोडत जा, मागच्या खेपेची चुलीत बसत नव्हती."

तर या गुरुवारी तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो कुऱ्हाड टेकवून ऐकत होता. संपल्यावर त्याने पुढचा ओंडका उभा केला.

मी विचारलं, "ओबेड, खरं आहे का हे? एक शब्दसुद्धा नाही?"

"त्याच्याशी नाही."

"म्हणजे कोणाशी?"

"बाई, ते मागचं बोलणं."

आधी मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. कॅप्टन जहाजाच्या मागच्या बाजूला राहतो, खलाशी पुढे. मागे कॅप्टन जे बोलला ते तांडेलाने ऐकलं तरी पुढे न्यायचं नाही. नेलं तर जहाज चालत नाही.

"ओबेड," मी म्हटलं, "जहाज मोडीत निघालं. कॅप्टन चर्चमागे पुरलेत. कुठलं मागे आणि कुठलं पुढे?"

"नियम कुठे पुरलाय?"

"आज तुला जेवण नाही."

तो हसला. मग ओंडक्यावर बसला आणि बोलला. सकाळी डेक धुतलं जात असताना कॅप्टन येऊन त्याच्या शेजारी उभे राहायचे. तोंड समुद्राकडे. विचारायचे, "भरतंय का?" तो म्हणायचा, "भरतंय, साहेब." मग ते निघून जायचे. रोज. पाठ भरून गेल्यावरही विचारायचे. शेवटी ओबेड कंटाळून म्हणाला, "केव्हाच भरलं, साहेब." तर म्हणाले, "तरी बघत जा."

मी विचारलं, "मग दहा पावलं पुढे जाऊन त्यालाच का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, मेहुणा आहे म्हणून. मग ते फटके फुकट गेले असते."

"आणि तू का नाही सांगितलंस त्याला?"

"त्याने ऐकावं असं कॅप्टनना वाटलं असतं, तर ते मोठ्याने बोलले असते, बाई."

सेथ, यात माफी नाही. मी ती त्यात घालून तुला पाठवत नाही. दोन शब्द होते, ते तुझ्यापर्यंत यायला हवे होते आणि आले नाहीत. मला त्यांचा राग आला. त्यांच्या खोलीत जाऊन रिकाम्या खुर्चीवर ओरडले, मग खुर्ची पुसून ठेवली.

ओबेडला विचारलं, मी हे तुला लिहू का. म्हणाला, "लिहा. तुम्ही पुढच्याही नाही आणि मागच्याही नाही. तुम्हाला चालेल."

मेहिटेबल

पोर्ट्समथ
२३ ऑगस्ट १८७४

प्रिय सेथ,

तुझी चिठ्ठी फार लहान आहे. "तू त्याची बायको आहेस. पंचवीस वर्षं त्याच्या चुलीशी काढलीस, तुला असंच ऐकू येणार. मारणारा स्वतः येऊन माझ्या तोंडावर सांगेल तेव्हा बघू."

ठीक आहे. मला लागलं, पण तुझी चूक नाही. मीही विश्वास ठेवला नसता.

ओबेडला विचारलं. नाही म्हणाला.

"कोणाची परवानगी लागते तुला?"

"कॅप्टनची."

"ते नाहीत. मी देते."

"तुम्ही कॅप्टन नाही, बाई."

"कॅप्टनच्या टोपीखालचं डोकं इतकी वर्षं मीच सांभाळलं!"

"ते खरं," तो म्हणाला, "पण हुकूम तुमचा नव्हता." आणि हळूच म्हणाला, "शिवाय त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळत नाही. मी त्याची पाठच पाहिलीय."

मी चुलीवरचं मडकं उतरवलं. त्याला जेवायला वाढलं.

कमोडोरांना मी पत्र लिहिलं की ओळ काढा. तीन वेळा खरडून लिहिलं, कारण मोठ्या माणसांना लिहायची मला सवय नाही. त्यांचं उत्तर सभ्य आहे. ओळ कोरून झाली. शिवाय माझ्या भावाचीच हरकत नाही, असं मीच त्यांना कळवलं होतं. ते खरं आहे, तुझं म्हणणं मी प्रामाणिकपणे कळवलं होतं. मी सुचवलं होतं, निदान "एकाखेरीज" असा शब्द घाला आणि खाली त्याचं नाव घाला. ते लिहितात, अधिकाऱ्याच्या शिळेवर साध्या खलाशाचं नाव घालायची रीत नाही.

तेरा सप्टेंबरला, रविवारी, शिळेवर झाकलेलं निशाण काढणार आहेत. मी पहिल्या बाकावर बसायचं आहे. काळा पोशाख उसवला होता, तो शिवला.

तू म्हणालास, राहू दे. कमोडोर म्हणतात, राहू दे. ओबेड म्हणतो, नियम आहे. मी एकटीच का आडवी येते, असं तुला वाटत असेल. मला त्यांना लहान करायचं नाही. त्यांच्याबद्दल जे चांगलं सांगतात ते सगळं मी मानते. पण तू त्या चांगुलपणाच्या तळाशी आहेस, आणि तिथे कोणी बघत नाही. ती ओळ वाचणाऱ्याला वाटेल तू जन्मालाच आला नव्हतास. मला दर रविवारी त्या भिंतीसमोर बसायचं आहे. माझ्याने होणार नाही.

आणखी एक. त्या पहिल्या सकाळनंतर मी तुझी ताटली परत मांडणीत ठेवली. कॅप्टन गेल्यावर भांडी आवरताना ती दिसली नाही. घरात आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं, आणि मी ती हलवली नव्हती. मी याचा अर्थ लावत नाही. फुटलीही असेल.

मेहिटेबल

साउथ रॉयल्टन, व्हर्मॉन्ट
१५ सप्टेंबर १८७४

प्रिय सेथ,

कागदावरचं गाव बघून दचकू नकोस. मी तुझ्या घरापासून दोन तासांवर आहे. स्टेशनजवळच्या खानावळीत बसून लिहिते आहे. तुमच्याकडे दूध न्यायला जाणारा गाडीवान हे पत्र आधी घेऊन येईल. तोंडाने सगळं सांगता येईल याची मला खात्री नाही, म्हणून लिहिते.

रविवारी चर्च भरलं होतं. गोदीतले अधिकारी सोनेरी बटणं लावून आले होते, मागे आणि वरच्या सज्जात जुने खलाशी. ओबेड सज्जात होता. रेव्हरंड स्टिकनींनी प्रार्थना केली. मग निशाण काढलं. शिळा सुंदर आहे, सेथ. अक्षरं स्वच्छ आहेत. कमोडोरांनी ती ओळ वाचली, आणि ते वाचतात म्हणजे रस्त्यावरच्या घोड्यालाही ऐकू जातं.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बाईमाणसाने चर्चमध्ये मधेच उठायची आमच्याकडे रीत नाही, ते तुला माहीत आहे. मी बाकाची कड धरली.

मी म्हटलं, "एकाला मारलं होतं."

रेव्हरंड म्हणाले, "मिसेस टिल्टन, बसा, तुम्हाला बरं नाही."

"मला बरं आहे. त्याचं नाव सेथ मेरो. माझा धाकटा भाऊ. पहाऱ्यावर प्यायला होता. त्याला सगळ्यांदेखत बारा फटके दिले. त्यानंतर कॅप्टन टिल्टननी कोणालाही मारलं नाही. ही ओळ त्याच्या पाठीवर उभी आहे."

कमोडोर शेजारच्याला विचारत होते, "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" आणि तो त्यांच्या कानात ओरडला, "एक माणूस होता म्हणतायत, साहेब!" मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी म्हटलं, "नंतर घरी येईपर्यंत कॅप्टन त्याच्याशी बोलले नाहीत. रोज सकाळी दुसऱ्याला विचारायचे, भरतंय का. त्याला स्वतःला कधी विचारलं नाही. ते चांगले कॅप्टन होते. माझी एवढीच हरकत आहे की तुम्ही माझ्या भावाला मोजलं नाही." मग बसले.

सज्जात बूट वाजले. मी वळून पाहिलं. जुने खलाशी उठून उभे राहत होते, एकेक करून, काही न बोलता, टोप्या हातात घेऊन. शिक्षा बघायला बोलावलं की असेच उभे राहायचे, असं ओबेडने नंतर सांगितलं. कमोडोरांनी वर पाहिलं. त्यांना ऐकू येत नसलं तरी दिसतं. तेही उठले. अधिकाऱ्यांना मग बसून राहता येईना. शेवटी सगळं चर्च उभं होतं आणि फक्त मी बसले होते.

ओळ आहे तशीच आहे. कोणी ती खरडणार नाही आणि मीही आता मागे लागणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर ओबेड थांबला होता. डोळे पुसलेले होते, पण तंबाखूमुळे म्हणाला.

"बाई, तुम्ही तर सगळं बोलून टाकलंत."

"मग? आता मलाही फटके मारणार का?"

"तसं नाही. सगळ्या माणसांना डेकवर बोलावून जे सांगितलं जातं, ते मागचं राहत नाही. ते सगळ्यांचं होतं. कोणीही न्यावं."

तो एक पायरी खाली उतरला.

"तुमचा भाऊ राहतो तिथे आगगाडी जाते का?"

"अर्ध्या वाटेपर्यंत. पुढे घोडागाडी."

"समुद्र दिसतो?"

"कुठूनच नाही."

"म्हणून गेला तिथे," तो म्हणाला. टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "त्याने मला दारातूनच हाकललं तर?"

"तर दारातूनच सांग. तो ऐकेल तरी."

ओबेड आता इथे खाली गाडीवानाशी बोलतो आहे, तुमच्या गावाकडे वारा कुठून येतो ते विचारतो आहे. त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. सेथ, तुला भेटायचं नसेल तर गाडीवानाबरोबर तसं सांग. मी वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण परत जाईन. फक्त ओबेडला एकदा उभं राहू दे. त्याला जे दोन शब्द सांगायचे आहेत ते त्याच्याच तोंडून ऐक, मग हवं तर दार लाव.

रविवारी घरी आल्यावर मी पोशाख काढून खुंटीला लावला आणि तशीच झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी घराची किल्ली शेजारी दिली, ओबेडच्या घरून त्याला बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघं उत्तरेकडच्या गाडीत बसलो.

हिटी